सातवा मुद्दा

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, बालक क्रमांक सत्तेचाळीस. मुलगी, इयत्ता तिसरी. त्याखाली जात. त्याखाली वडील हमाल, आई निरक्षर, घर एका खोलीचं, संडास नाही. आणि सगळ्यात खाली, अवतरण चिन्हांत, जाड अक्षरांत एका आईचं बोलणं. "इस लड़की का दिमाग नहीं चलता. अगले साल स्कूल छुड़ा दूँगी. पंद्रह की होगी तो ब्याह दूँगी."

रायपुरातल्या एका मोठ्या हॉटेलातला हॉल होता. दिल्लीहून आलेले पाहुणे, अधिकारी, प्राध्यापक. मॅडम माईकवर होत्या. त्यांच्या सोळा वर्षांच्या अभ्यासाचा अहवाल त्या दिवशी बाहेर पडत होता. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "जानते हैं, ये बच्ची आज कहाँ है? इसी हॉल में है. हमारे साथ काम करती है. बेटा, खड़ी हो जाओ."

मी उभी राहिले. मॅडमनी उठ म्हटलं की उठायचं, ही माझी तीन वर्षांची सवय. उभी राहिल्यावर मी पडदा नीट वाचला.

"और जिस माँ ने ये कहा था, वो भी यहीं बैठी हैं. माताजी, आप भी उठिए."

माय शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. हातात कागदी प्लेट, त्यात अर्धा समोसा. सगळ्या माना मागे वळल्या. प्लेट कुठे ठेवावी ते तिला कळेना. ती प्लेट घेऊनच उठली. जांभळी साडी, जी ती फक्त लग्नात नेसते. सकाळी मीच तिला इस्त्री करून दिली होती. टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या.

मायला वाचता येत नाही. पण मॅडमनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं, दोनदा. तिने स्वतःचे शब्द ओळखले. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हे खरं आहे. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

एक पाहुणे तिच्याजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "अब कैसा लगता है माताजी?"

"अच्छा लगता है," माय म्हणाली. पोलीस विचारो, डॉक्टर विचारो, तिचं उत्तर हेच असतं. पाहुणे खूश झाले.

हा अभ्यास काय होता ते आधी सांगते. एकदाच परीक्षा घेऊन मोकळं व्हायचं, तसलं ते काम नव्हतं. तीच मुलं धरायची आणि वर्षामागून वर्षं त्यांच्या मागे राहायचं. कोण शिकलं, कोण सुटलं, कधी सुटलं, काहून सुटलं. मी तिसरीत होते तेव्हा रायपुरातल्या गुढ़ियारीच्या आमच्या शाळेतून काही मुलं चिठ्ठी टाकून निवडली. त्यात माझा नंबर लागला. शाळेत कधी कशात नंबर न लागणारी मी. मला फार भारी वाटलं होतं. दर वर्षी दिवाळीनंतर सर्वेवाली दीदी यायची, मला धडा वाचायला लावायची, वजाबाकी घालायची आणि जाताना पेन्सिलचा डबा द्यायची. मग मला म्हणायची, "जा बेटा, बाहर खेल." आणि मायजवळ बसायची. दार अर्धं लोटून घ्यायची.

बाहेर मला फक्त एक वाक्य ऐकू यायचं, कारण ते ती दर वर्षी सुरुवातीला म्हणायची. "आप खुलके बोलिए, ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी."

आमचं घर एका खोलीचंच होतं. त्या खोलीतली गोष्ट खरंच बाहेर गेली नाही. सोळा वर्षं मलाही कळली नाही. आणि मग एकदम हॉटेलात गेली.

मी बी.ए. झाले तेव्हा मॅडमनी स्वतः बोलावून घेतलं. दुसरी तुकडी सुरू होत होती, पहिलीतली नवी मुलं. "तू आमच्याच अभ्यासातली पोर," त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा हे काम कोणाला जास्त कळणार?" मॅडमचं घराणं भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात आहे. माझा आजा वर्ध्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून आला. मॅडम म्हणायच्या, आपण मराठी माणसं, इथे एकमेकांना धरून राहायचं. मी धरून राहिले. त्यांच्या ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि मला त्याचं एवढं कौतुक होतं की सांगायची लाज वाटते.

या कामात एकच भीती असते, गळती. मूल हरवलं, घर बदललं, कुटुंब गावी गेलं की तो नंबर गळाला. त्याच्या जागी दुसरं मूल घेता येत नाही. आधीच्या सगळ्या वर्षांची मेहनत पाण्यात. मॅडम बैठकीत म्हणायच्या, "मूल गेलं तर अभ्यास गेला." म्हणून जो मुलं शोधून आणतो तो राजा. आणि शोधण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

नव्या पोरी पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जाऊन मुलाचं शाळेतलं नाव विचारायच्या. तसं कोणी सापडत नाही. शाळेत जो राहुल तो पाऱ्यात छोटू, आणि छोटू गल्लीत चार. मी त्याच्या आईचं, आजीचं माहेर विचारायची. इकडे बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, बिलासपूरची ती बिलासपुरहिन. घर बदललं, काम बदललं, तरी ती हाक बदलत नाही. एक कुटुंब गुढ़ियारी सोडून सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यावर गेलं होतं. पत्ता नाही, फोन बंद. मी कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, काळ्या धुळीत, दोन दिवस एवढंच विचारत फिरले, बिलासपुरहिन कोणत्या ओळीत राहते. सापडली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. "हिच्यामुळे आपली गळती नाही."

ही मी. आणि ही माझी मॅडम. आता हॉटेलातून घरी जाते.

ऑटोत माय रस्त्याकडे पाहत बसली.  स्टेशनपर्यंत मला फक्त राग होता, आणि तो मॅडमवर नव्हता, मायवर होता. दिमाग नहीं चलता. मी तिसरीत होते. एवढीशी. आणि ती परक्या बाईजवळ बसून माझ्याबद्दल असं बोलली. घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत.

"तू असं म्हनली होती?"

"हो," माय म्हणाली. "म्हनली होती."

"काहून?"

ती साडीच्या निऱ्या सोडत होती. हात थांबवला नाही. "तुह्या बापाचा हात धक्क्यावर चेपला होता. चार महिने घरी. पंडरी बाजारातल्या दुकानातून फॉल लावाले साड्या आनत होती मी. दोन हातानं किती होते? तुले काढाचंच ठरवलं होतं. आनि तुले तवा वाचता येत नव्हतं, हे बी खरं हाय. मनात होतं थे बोलली."

"मंग काढलं काहून नाही?"

"काढलं होतं नं."

मला आठवतच नव्हतं.

"पंधरा दिवस घरी होती तू. फॉल लावाले बसवलं तुले. दोन साड्याले सुलट्या बाजूनं फॉल लावून ठेवला. दुकानदारानं माह्या तोंडावर फेकल्या. म्हटलं, इच्यापेक्षा शाळा बरी, निदान नुसकान तं नाही करनार." ती किंचित हसली. मग हसू गेलं. "मंग रोज पाठवलं. आनि तू वाचाले लागली तवा म्या नारळ फोडला. थे नाही कोनी विचारलं."

मी जमिनीवर बसले. मॅडमच्या अहवालात मी कशी शिकले त्याची चार कारणं आहेत, रंगीत चौकटीत. त्यात फॉल नाही. दीदी दिवाळीनंतर एकदा यायची, आणि ते पंधरा दिवस उन्हाळ्याआधीचे. दोन फेऱ्यांच्या मधले. नारळ पण मधलाच. आणि जे एक वाक्य फेरीच्या दिवशी मायच्या तोंडून निघालं, तेवढीच माझी माय म्हणून पडद्यावर लागली.

"मी कोनाले नाही सांगितलं," माय म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "माह्या सख्ख्या बहिनीले नाही सांगितलं. तुह्या बापाले नाही. थे बाई म्हने कोनाले सांगनार नाही. म्हनून तं सांगितलं मी. मन मोकळं कराले कोनी नव्हतं मले. थे वर्षातून एक डाव येऊन बसे, पानी पिये, माहं ऐके. मले वाटे, आपली हाय."

मग तिने विचारलं, "तुले माहीत होतं का, थे तिथं दाखवनार हाय म्हनून?"

"नाही माय."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता. तिला तिथे घेऊन जाणारी मीच होते, साडीला इस्त्री करणारी मीच, आणि मॅडमची माणूसही मीच. मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. मॅडम प्रसन्न होत्या. टेबलावर फुलांचे गुच्छ तसेच पडले होते.

मी म्हणाले, "मॅडम, अहवालातलं ते पान काढून टाका. आईला फार लागलंय."

"अगं, पण नाव कुठे छापलंय आपण?"

"छापलं नाही. तुम्ही आम्हाला उभं केलं."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बेटा, आकडे कोरडे असतात. लोकांना माणूस दिसावा लागतो. तुझ्या आईचा तर तो गौरव होता. कुठून कुठे आलात तुम्ही! आणि तू काय परकी आहेस का? परकी असतीस तर मी आधी विचारलं असतं."

हे वाक्य मी त्यांच्याच तोंडचं जसंच्या तसं लिहिते आहे. परकी असतीस तर विचारलं असतं. तीन वर्षं ज्या आपलेपणावर मी हुरळून होते, त्याचा अर्थ एवढाच होता, की मला विचारायची गरज नाही.

"अहवाल सगळीकडे गेलाय आता," त्या म्हणाल्या. "विषय संपव. सोमवारपासून फेरी आहे." आणि त्यांनी संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. दर वर्षी सांगतात तेच परत सांगितलं. "पहिलं पान वाचून दाखव, दुसऱ्यावर सही घे. शेवटचं वाचत बसू नकोस. बायका घाबरतात आणि गळती वाढते."

शेवटचं म्हणजे सातवा मुद्दा. दुसऱ्या पानावर, सहीच्या वर, बारीक अक्षरांत. तीन वर्षांत मी तो शेकडो वेळा हातात धरला आणि एकदाही वाचला नाही, ना कोणाला, ना स्वतःला. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी आम्हाला तसं शिकवलं होतं, आणि ते आम्हाला हुशारीचं वाटलं होतं. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचला. "आप किसी भी समय, बिना कोई कारण बताए, इस अध्ययन से अलग हो सकते हैं और अपनी दी हुई जानकारी हटवा सकते हैं."

मी तो परत वाचला.  मग बोटांवर घरं मोजायला लागले.

मॅडमनी मायशी केलं ते मी किती घरांत केलं होतं? दार अर्धं लोटलं होतं मी. "जा बेटा, बाहर खेल," म्हटलं होतं. "ये बात बाहर नहीं जाएगी," अगदी त्या जुन्या दीदीच्या चालीत. सिलतऱ्याच्या त्या बिलासपुरहिनने माझा हात धरून मला एक गोष्ट सांगितली होती, तिच्या लेकीबद्दल. काय ते मी इथे लिहिणार नाही. पण मी ते तिथे टॅबवर लिहिलं, बटण दाबलं आणि ते मॅडमच्या कॉम्प्युटरात गेलं. उद्या तिची लेक मोठी होईल. कोणत्या तरी हॉलमध्ये, कोणत्या तरी पडद्यावर तेही लागेल. आणि मुलगी हुशार निघाली तर तिलाही उभं करतील.

माझी फसवणूक झाली हे खरं. पण फसवणाऱ्यांच्या बाजूला मीही बसले होते. हे मी टाळून पुढे जाऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी मी मायसमोर कागद ठेवला आणि सातवा मुद्दा वाचला. आधी हिंदीत, मग आपल्या भाषेत.

मायने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "हे पहिले काहून नाही वाचलं?"

"मले माहीत नव्हतं."

"तुह्या बाईले माहीत होतं का?"

"हो."

"मंग," एवढंच ती म्हणाली. मग कागद परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "काढ माहं. सगळं काढ."

मी अर्ज लिहिला. तिचा आणि माझा. कारण लिहिलं नाही, कारण लिहायची गरज नाही असं त्यांच्याच कागदावर छापलंय. तिने तिचं नाव लिहिलं, जे मी दहावीत असताना तिला शिकवलं होतं. त्याला तिला बराच वेळ लागला.

सोमवारी मी फेरीला निघाले. गुढ़ियारीपासून सुरू केलं. प्रत्येक घरात कागद उलटला आणि आधी सातवा मुद्दा वाचला. मग सांगितलं, दीदी, गेल्या तीन वर्षांत हे मी वाचलं नव्हतं. माझी चूक आहे. तुम्ही सांगितलेलं तुम्हाला परत मागता येतं. आणि मग सांगितलं की माझ्या मायचं काय झालं. फक्त माझ्या मायचं, कारण तेवढंच सांगायची आणि लिहायची मला तिने परवानगी दिली होती. ती परवानगी मी आधी मागितली.

एका बाईने दार लावून घेतलं. एक म्हणाली, "अतेक दिन ले झूठ बोलत रहे?" एवढे दिवस मी खोटं बोलत होते, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. दोघींनी तिथेच काढून टाकायचा अर्ज लिहायला लावला. एक म्हातारी बराच विचार करून म्हणाली, "हव, रहन दे. मोर नाती के बात तो बने हे." नातवाबद्दल तिने चांगलंच सांगितलं होतं, ते राहू दे म्हणाली, म्हणून तिचं मी राहू दिलं. तिने ऐकून ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांच्या आवाजात बेटा नव्हतं.

"तू काय करते आहेस, कळतंय तुला? सोळा वर्षांचं काम आहे माझं. मुलांसाठीच करते आहे ना मी हे? तुमच्याच मुलांसाठी?"

मी म्हणाले, "माहीत आहे, मॅडम."

"तुला मी घडवलं."

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. पण त्यात सुलट्या बाजूने लावलेला फॉल आला असता, नारळ आला असता, आणि ते मला त्यांना द्यायचं नव्हतं. उद्या तेही छापतील.

"नाही मॅडम," एवढंच म्हणाले.

"उद्यापासून येऊ नकोस. आणि तुझी ती पत्त्यांची वही ऑफिसात जमा कर. नाहीतर या वर्षी एक मूल सापडणार नाही."

वही नाहीच आहे. मी कधी ठेवलीच नव्हती. कोण कोणाची सून, कोणाचं माहेर कुठलं, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. त्याच डोक्यात, जे चालत नव्हतं. मी तसं मॅडमना सांगितलं आणि फोन ठेवला.

माय अजून माझ्याशी नीट बोलत नाही. जेवण वाढते, विचारलं तर उत्तर देते. पण पूर्वी रात्री जे बोलत बसायची ते बंद झालंय. घरातही ती आता शब्द मोजून काढते. ते परत येईल असं मला वाटत नाही, आणि यासाठी मी मॅडमना माफ करणार नाही. लोक म्हणतात, मोठ्या कामात असं होतं. होऊ दे. मी माफ करणार नाही.

ओळखपत्र परत दिलं. टॅब परत दिला. घरं अजून बरीच उरली आहेत. ज्या ज्या बाईसमोर बसून मी अर्धाच कागद वाचला, तिच्या दारात मी जाणार आहे, आता कोणाची माणूस म्हणून नाही. एका घरी दिवसभर थांबावं लागलं तरी थांबेन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. अभ्यास बुडाला तर बुडू दे. उद्या पहिल्या बसने सिलतऱ्याला जाते आहे. बिलासपुरहिन कामावर निघायच्या आत तिला गाठायचं आहे.